सादळलेली दारू आणि वितळलेले वंगण : झाशी परिसरातील न उडालेल्या बाराचा इतिहास

बंदुकीचा चाप ओढल्यावरही गोळी न सुटणे, या घटनेची नोंद बखरींत, खलित्यांत आणि लष्करी अहवालांत क्वचितच सापडते, कारण लढायांचे वर्णन करणारे लोक उडालेल्या बारांचाच हिशेब मांडत आले आहेत. भाषेने मात्र ही आठवण जपून ठेवली आहे. आज पोकळ घोषणेला किंवा फसलेल्या बेताला उद्देशून वापरला जाणारा ‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग ज्या काळात रूढ झाला, त्या काळात तो शिपायाच्या जिवाशी गाठ घालणारा शब्द होता. दारू सादळणे, जामगी विझणे, नळीत मळी साचणे, वंगण वितळणे किंवा थिजणे, या सर्व कारणांमागे बहुतेक वेळा हवामानाचा हात असे. झाशी आणि तिच्याभोवतीचा बुंदेलखंड हा या प्रश्नाच्या अभ्यासाला विशेष सोयीचा प्रदेश आहे. १८५७-५८ च्या संग्रामात बंदुकीच्या तीन पिढ्या येथे एकाच वेळी समोरासमोर आल्या होत्या आणि त्यांची परीक्षा पाहणारे ऋतूही येथे तितकेच टोकाचे आहेत.

बेतवा आणि पहूज या नद्यांच्या दरम्यान, खडकाळ टेकड्यांच्या मुलखात वसलेल्या झाशीत मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. जानेवारीच्या रात्री तो पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि पहाटे धुके व दव पडते. पावसाळ्याचे तीन महिने हवेत दमटपणा भरून राहतो. ओरछाचा राजा बीरसिंह देव याने १६१३ मध्ये येथे किल्ला बांधला. अठराव्या शतकात हा मुलूख मराठ्यांकडे आल्यावर पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी किल्ल्याचा विस्तार केला आणि शहर वसवले. पुढे सुभेदारी नेवाळकर घराण्याकडे गेली. हे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यात लांजा तालुक्यात असलेल्या कोट गावचे. नंतर खानदेशातील पारोळे येथे त्याचे वास्तव्य झाले. कोकणच्या पावसाळी हवेतून आणि खानदेशच्या उन्हातून आलेल्या या मंडळींना दारू कोरडी ठेवण्याचे महत्त्व नव्याने शिकण्याची गरज नव्हती, कारण मराठी राज्यव्यवहारात त्याविषयीचे नियम आधीच घालून दिलेले होते.

ते नियम समजण्यासाठी प्रथम तोड्याच्या बंदुकीची रचना पाहिली पाहिजे. ही ठासणीची बंदूक असे, म्हणजे तिच्यात दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागत असे. नळीच्या मागच्या टोकाला एका बाजूस बारीक भोक असे, त्याला कान म्हणत. कानाच्या बाहेर असलेल्या लहानशा वाटीत बारीक दळलेली दारू घालत, तिला रंजक हे नाव होते. तोडा किंवा जामगी म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी. ती सावकाश धुमसत राही आणि चाप ओढला की तिचे पेटते टोक रंजकीवर टेकत असे. रंजक पेटून तिची ज्वाळा कानातून आतल्या दारूपर्यंत पोचली तर बार उडे; ती बाहेरच भसकन जळून गेली तर केवळ धूर निघे आणि शिपाई भरलेली, पण मुकी बंदूक हातात धरून शत्रूसमोर उभा राही. याचा अर्थ असा की एका बारासाठी तोडा, रंजक, कान आणि भरणी अशा चार जागी आगीला वाट मोकळी मिळावी लागे आणि या चारही जागा ओलाव्याला उघड्या होत्या.

ओलाव्याचे मूळ दारूच्या घटकांतच होते. काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या मिश्रणाने बनते आणि तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश वाटा सोऱ्याचा असतो. शुद्ध सोरा हवेतले पाणी फारसे शोषत नाही; पण मातीतून काढलेला सोरा पुरता शुद्ध केला नसेल तर त्यात साधे मीठ आणि इतर क्षार राहतात व ते दमट हवेत पाणी खेचून घेतात. सच्छिद्र कोळसा या कामात भर घालतो. अशी दारू पेटते, परंतु रेंगाळत पेटते. गोळी नळीबाहेर ढकलण्याइतका जोर तिच्यात उरत नाही. थंडीच्या दिवसांत याला दवाची जोड मिळते. रात्रभर उघड्यावर थंड झालेली नळी उबदार जागी आणली की तिच्यावर आणि तिच्या आतही पाण्याचे सूक्ष्म थेंब जमतात. नुसत्या गारठ्याने काळी दारू निकामी होत नाही. तिला निकामी करते ते गारठ्याने हवेतून पिळून काढलेले पाणी.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांच्या प्रकरणात दारूखान्याविषयी जी सूचना आहे, ती या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखी आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, त्याला तळघर करून त्याची जमीन गच्ची करावी, दारूला सर्दी लागू देऊ नये, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढावेत, त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावेत, असा तिचा आशय आहे. बार न उडण्याच्या रोगावरचा हा उपचार बंदूक हातात येण्याच्या फार आधी सुरू होत असे आणि तो कोणा एका कारागिराच्या मर्जीवर न सोपवता किल्ल्याच्या नेमाचा भाग केलेला होता. शिपायाच्या वाट्याला येणारी उरलेली कामे साधी होती: कान तारेने साफ करणे, वाटीवरचे झाकण शेवटच्या क्षणापर्यंत मिटलेले ठेवणे, तोड्याची दोन्ही टोके पेटती राखणे, आणि भरणी सादळल्याचा संशय आला तर ती उपसून नवी घालणे. या कामांसाठी लागणारी प्रत्येक वस्तू गावात मिळत होती आणि लागणारे ज्ञान हातोहात शिकता येत होते.

युरोपात दरम्यान तोड्याची जागा गारेने घेतली होती. चापाबरोबर घोड्यात बसवलेली गार पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पाडी, त्यामुळे पेटती दोरी बाळगण्याची गरज संपली. परंतु रंजक आणि कान जागच्या जागी राहिले आणि त्यांच्याबरोबर ओलाव्याचा धोकाही राहिला. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ या धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या स्फोटकाचा उपयोग बंदुकीसाठी करण्याचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची टोपी निघाली. तिच्या तळाशी पाऱ्यापासून बनवलेल्या स्फोटक क्षाराचा थेंबभर लेप असे. कानाच्या जागी बसवलेल्या पोकळ बोंडीवर ती घट्ट बसे आणि घोड्याच्या ठोक्याने पेटे. उघडी रंजक अशा रीतीने झाकली गेली. १८३४ मध्ये इंग्लंडमधील वुलिच येथे दोन्ही जातींच्या प्रत्येकी सहा बंदुकांची तुलना झाली, तेव्हा प्रत्येक जातीच्या ६००० बारांपैकी गारेचे ९२२ बार फुकट गेले, तर टोपीचे अवघे ३६. म्हणजे गारेच्या बंदुकीत साधारण साडेसहा बारांमागे एक फसत होता, तर टोपीच्या बंदुकीत १६६ बारांमागे एक.

या आकड्यांचा अर्थ हिंदी शिपायांना सात वर्षांनी परदेशी भूमीवर उमगला. मे १८४१ मध्ये चीनमधील कॅन्टनजवळ ३७व्या मद्रास पलटणीची एक तुकडी मुसळधार पावसात मुख्य फौजेपासून तुटली. तिच्या गारेच्या बंदुका भिजून निकामी झाल्या आणि सशस्त्र गावकऱ्यांनी तिला घेरले. तिच्या शोधात गेलेल्या नौसैनिकांच्या दोन कंपन्यांजवळ टोपीच्या बंदुका होत्या, त्या पावसातही उडत राहिल्या, आणि म्हणूनच तुकडीची सुटका झाली. त्यानंतर कंपनी सरकारच्या फौजांमध्ये टोपीच्या बंदुकांचा प्रसार वेगाने झाला. जून १८५७ मध्ये झाशीच्या छावणीत उठाव करणाऱ्या १२व्या बंगाल पलटणीच्या शिपायांच्या हाती याच पिढीची शस्त्रे होती.

टोपीने ओलाव्याचा प्रश्न बराचसा सोडवला, पण त्याच वेळी एक नवे परावलंबन निर्माण केले. बोंडीच्या बारीक वाटेत तेल किंवा मळी साचली तर टोपी उडे आणि बार उडत नसे. थंडीत ते तेल घट्ट होऊन वाट बुजवी. यावर उपाय म्हणून भरणी करण्यापूर्वी रिकाम्या बंदुकीवर एकदोन टोप्या उडवून वाट कोरडी करून घेण्याची पद्धत पडली. हा दोष शिपायाला दूर करता येत होता. टोपीच नसेल तर मात्र त्याच्या हाती काहीही उरत नव्हते. दारू गावच्या दारूवाल्याला करता येई, शिसे वितळवून गोळ्या ओतता येत आणि तोडा घरी वळता येई. पण तांब्याच्या पत्र्याची नेमकी टोपी आणि तिच्यातले धोकादायक स्फोटक ही कारखान्याची कामे होती आणि ते कारखाने सरकारच्या ताब्यात होते. उठावात सामील झालेल्या शिपायांना दिल्लीपासून टोप्यांची टंचाई भासू लागली, त्याचे कारण हेच आहे. झाशीच्या तटावर राणी लक्ष्मीबाईंच्या बाजूने लढणारे बुंदेले आणि विलायती म्हणून ओळखले जाणारे अफगाण बहुधा तोड्याच्या बंदुका वापरत. त्यांची शस्त्रे मागासलेली असली तरी त्यांचा पुरवठा तटाच्या आतच होत होता. जुन्या बंदुकीची ही बाजू शस्त्रांच्या इतिहासात सहसा दुर्लक्षित राहिली आहे.

तिसरी पिढी १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलीची. नळीच्या आतल्या अंगाला पिळदार खाचा कापल्या की गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि लांबवर नेमकी लागते. अशा नळीच्या बंदुकीला रायफल म्हणतात. एनफील्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि गोळीचा ०.५६८ इंच होता, म्हणजे दोहोंमध्ये इंचाच्या हजाराव्या भागांपैकी जेमतेम नऊ भागांची फट होती. दारू आणि गोळी कागदाच्या एकाच गुंडाळीत येत असे. पोर्तुगीज भाषेतून मराठीत आलेला काडतूस हा शब्द त्या गुंडाळीचा. गोळीकडच्या टोकाला चरबीप्रधान वंगण फासलेले असे आणि त्याचे काम दुहेरी होते: घट्ट बसणारी गोळी सहज आत सरकवणे आणि आधीच्या बारांची मळी मऊ ठेवणे. काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपात मागे उरतो. ती राख दमट हवेत ओली व मऊ होते, पण कोरड्या उष्णतेत नळीच्या भिंतीवर कठीण कवचासारखी बसते. ज्या वंगणाने जानेवारी १८५७ मध्ये दमदमच्या शिपायांमध्ये संशयाचे बीज पेरले, त्याचे यांत्रिक प्रयोजन हे असे होते. त्या वेळी शिपायांच्या धर्मभावनेचा विचार करून चरबीऐवजी मेण आणि तेल वापरण्याची मुभा देण्यात आली होती, परंतु तोवर विश्वास उडालेला होता.

उठाव मोडण्यासाठी निघालेली मेजर जनरल ह्यू रोज यांची ब्रिटिश फौज जानेवारी १८५८ च्या थंडीत सिहोरहून निघाली, ३ फेब्रुवारीला सागरला पोचली आणि २१ मार्चला झाशीसमोर येऊन थडकली. वेढा, १ एप्रिलला बेतवेच्या काठी तात्या टोपे यांच्याशी झालेली लढाई, ३ एप्रिलचा हल्ला आणि त्यानंतर रात्रीच्या अंधारात राणीचे काल्पीकडे प्रयाण, हा घटनाक्रम मराठी वाचकाला वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे घरच्यासारखा परिचित आहे. गोडसे वेढ्याच्या काळात शहरात होते, पण ते शिपाई नव्हते. शस्त्रांच्या अंतर्गत अडचणी त्यांच्या नजरेच्या टप्प्यात येणाऱ्या नव्हत्या. त्या अडचणी पुढच्या दोन महिन्यांत, उन्हाळा भरात आल्यावर, उघड झाल्या. हिवाळ्यात निघालेला दारूगोळा उन्हातान्हातून बैलगाड्यांवर आणि उंटांवर शेकडो मैल वाहिला गेला होता. ७ मेला कोंच येथील लढाईत स्वतः रोज यांना उष्माघाताचे झटके आले. माणसांची ही स्थिती असताना काडतुसांचे काय होत होते, हे २२ मेला काल्पीजवळ गोलौली येथे दिसून आले.

त्या दिवशी रावसाहेब पेशवे, राणी लक्ष्मीबाई आणि बांद्याचे नवाब यांच्या सैन्याने यमुनाकाठच्या घळींचा आडोसा घेऊन रोज यांच्या उजव्या बगलेवर जोराचा हल्ला केला. उष्णता आणि इतर कारणांचा काडतुसांवर असा परिणाम झाला होता की रायफली भरणे कठीण होऊन त्यांचा मारा अनिश्चित झाला, असे रोज यांनी आपल्या अहवालात नमूद केले आहे. हल्लेखोर तोफांच्या अगदी जवळ येऊन ठेपले होते. उंटांवरून वेगाने आणलेली राखीव तुकडी आणि तिचा संगिनींचा हल्ला यांमुळे प्रसंग निभावला. म्हणजे त्या काळातील सर्वांत प्रगत हातशस्त्र ऐन वेळी अडून बसले आणि निकाल लागला तो संगिनीने, जिला दारू लागत नाही आणि ऋतूही बाधत नाही. दुसऱ्या दिवशी काल्पीचा किल्ला पडला, तेव्हा तेथे तोफा ओतण्याची भट्टी आणि जमिनीखालचा दारूखाना सापडला. दारू तळघरात ठेवण्याचा आज्ञापत्रातील दंडक आणि काल्पीची ही व्यवस्था यांमागची गरज एकच होती.

काल्पीच्या अडचणीचे स्पष्टीकरण वंगणाच्या गुणधर्मात मिळते. जनावराची चरबी साधारण चाळीस ते पन्नास अंशांच्या दरम्यान वितळते, आणि मे महिन्यात उन्हात तापलेल्या दारूगोळ्याच्या पेटीत हे तापमान सहज गाठले जाते. वितळलेली चरबी काडतुसाच्या कागदात आणि कागदातून दारूत झिरपली की गोळी कोरडी पडते आणि दारू चिकट होते. कोरडी गोळी मळीचे कठीण कवच आणि नऊ हजारांश इंचाची फट यांतून गजाने ढकलूनही खाली जात नाही, आणि चिकट दारूचा बार केव्हा उडेल याचा भरवसा राहत नाही. पुढे १८५९ च्या सुमारास गोळीचा व्यास ०.५५ इंचापर्यंत कमी करण्यात आला आणि चरबीऐवजी निव्वळ मधमाशीचे मेण वापरण्यात येऊ लागले, जे बासष्ट अंशांच्या पुढे वितळते. दोन वर्षांपूर्वी धर्माच्या कारणासाठी मेणाचा जो पर्याय पुढे आला होता, त्याच्याच दिशेने हिंदुस्थानातल्या उन्हाने लष्करी तंत्रज्ञांना नेऊन सोडले. शिपायांच्या तक्रारीला यंत्रशास्त्राने दिलेला हा उशिराचा कौल होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु इंग्लंडच्या हवेसाठी ठरवलेले वंगण बुंदेलखंडाच्या हवेत तपासून पाहण्याची गरज आधी कोणाला वाटली नव्हती, एवढे त्यातून निश्चित दिसते.

उठावानंतर बुंदेलखंडातील गढ्या पाडल्या गेल्या, शस्त्रे गोळा केली गेली आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने बंदूक बाळगणे परवान्याच्या अधीन झाले. गावोगावी विखुरलेले दारू करण्याचे आणि कान दुरुस्त करण्याचे कसब त्याबरोबर आक्रसत गेले. परवान्याची ठासणीची बंदूक कोकणासारख्या भागांत शेतीच्या राखणीपुरती उरली. लष्करात मात्र धातूचे काडतूस आले. त्याने दारू, गोळी आणि टोपी एकाच बंद डबीत आणून पावसाचा आणि दवाचा मार्ग अडवला. १८९५ मध्ये स्वीकारलेल्या ली-एनफील्ड रायफलीच्या काळापर्यंत काळ्या दारूची जागा अल्पधूम कॉर्डाइटने घेतली होती, त्यामुळे मळीचाही त्रास मोठ्या प्रमाणात कमी झाला.

तरीही दोष संपला नाही. तो आणखी आतल्या भागात सरकला. या रायफलीत स्प्रिंगच्या जोराने पुढे झेपावणारी सुई काडतुसाच्या बुडातील टोपीवर आदळते. कडाक्याच्या थंडीत सुईभोवतीचे तेल घट्ट झाले की तिची झेप मंदावते, टोपीवर नुसता हलका खळगा पडतो आणि बार होत नाही. तंबूच्या उबेत घामेजलेले हत्यार पुन्हा बाहेर नेले तर आत जमलेले पाणी गोठते. १९४१-४२ च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर जर्मन फौजेला या गोष्टीचा कटू अनुभव आला. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात लडाखच्या उंचीवर भारतीय जवानांच्या हाती .३०३ च्या ली-एनफील्ड रायफलीच होत्या, आणि तेव्हापासून हिमप्रदेशातील शस्त्रनिगा हा भारतीय सैन्याच्या शिक्षणाचा अविभाज्य भाग झाला आहे. जादा तेल पुसून काढावे, थंडीसाठीचे पातळ तेल नावापुरते लावावे, हत्यार उबेत आणि गारठ्यात वारंवार ने-आण करू नये, आणि बार न उडाल्यास तो उशिराने उडण्याची शक्यता धरून नळी सुरक्षित दिशेला रोखून थोडा वेळ थांबावे, हे त्या शिक्षणाचे सार आहे. झाशीपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेल्या बबीना येथील विस्तीर्ण गोळीबार मैदानावर सराव करणाऱ्या पलटणींना मेमधील होरपळ आणि जानेवारीतील धुके या दोन्ही परिस्थितींत शस्त्रनिगेचे नियम पाळावे लागतात.

या अडीचशे वर्षांच्या वाटचालीत बार न उडण्याचे कारण रंजकीच्या उघड्या वाटीतून टोपीच्या बोंडीत, तेथून काडतुसाच्या वंगणात आणि शेवटी सुईभोवतीच्या तेलाच्या पातळ थरात गेले. प्रत्येक टप्प्यावर ते दुर्मीळ होत गेले आणि प्रत्येक टप्प्यावर ते डोळ्यांना कमी दिसू लागले. तोड्याच्या शिपायाला स्वतःच्या बोटांनी जे उमगत होते, ते जाणण्यासाठी पुढे कारखाने, प्रयोगशाळा आणि छापील नियमपुस्तिका यांची गरज पडू लागली. बंदूक कोरडी ठेवण्याचा मूळ दंडक मात्र आठ-पंधरा दिवसांनी दारूला ऊन देणाऱ्या हवालदारापासून हिमरेषेवर तेल पुसणाऱ्या जवानापर्यंत बदललेला नाही. झाशीच्या किल्ल्यात आज कडक बिजली आणि भवानीशंकर या तोफा पाहायला येणारा प्रेक्षक त्यांच्या तोंडाशी उभा राहतो. त्या तोफा गरजणार की मुक्या राहणार याचा निर्णय ज्या जागी होत असे, तो कान मागच्या टोकाला आहे आणि करंगळीही आत जाणार नाही इतका तो लहान आहे.